‘द नेव्हरएंडिंग स्टोरी’: चित्रपटाने निम्मी कादंबरी गाळली, की तिचा अर्थच बदलला?

जुनी वही

मिशाएल एंडे यांची मूळ जर्मन कादंबरी १९७९ साली प्रसिद्ध झाली. राल्फ मॅनहाइम यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद १९८३ साली आला आणि एप्रिल १९८४ मध्ये वोल्फगांग पेटरसन यांचा चित्रपट पश्चिम जर्मनीत प्रदर्शित झाला. आपल्याकडे ज्यांना ही गोष्ट ठाऊक आहे, त्यांतल्या बहुतेकांना ती चित्रपटामुळे ठाऊक असावी. शाळेच्या माळ्यावर लपून पुस्तक वाचणारा बास्टियन हा मुलगा, दलदलीत रुतत जाणारा घोडा आणि पांढरा लोभस ड्रॅगन एवढे तरी बहुतेकांना आठवते. मी नुकतीच कादंबरी सलग वाचली आणि लगोलग चित्रपट पाहिला. त्यातून जो प्रश्न पडला, तो येथे मांडते आहे.

कादंबरीत सव्वीस प्रकरणे आहेत आणि चित्रपट तेराव्या प्रकरणाच्या उंबरठ्यावर संपतो. बास्टियन त्या पुस्तकातल्या आजारी बालसम्राज्ञीला नवे नाव देतो, ‘शून्य’ नावाच्या पसरत्या पोकळीने गिळलेली फँटास्टिका, म्हणजे तिचे काल्पनिक जग, वाळूच्या एका कणातून पुन्हा उभी राहणार हे आपल्याला कळते, आणि मग तो ड्रॅगनवर स्वार होऊन आपल्या शहरात येतो व त्याला छळणाऱ्या मुलांना पळता भुई थोडी करतो. कादंबरीत या जागी निम्मी पाने शिल्लक असतात. त्या पानांत बास्टियन स्वतः फँटास्टिकात राहतो, ‘तुला हवे ते कर’ अशा अर्थाचे शब्द कोरलेले औरिन हे पदक त्याच्या गळ्यात येते, त्याची प्रत्येक इच्छा पुरी होते आणि प्रत्येक पुऱ्या झालेल्या इच्छेमागे त्याची एकेक आठवण पुसली जाते. आपण लठ्ठ होतो, मुले आपल्याला चिडवत असत, आपण शाळेत जात होतो, हे तो विसरतो. पुढे आई-वडील विसरतो आणि शेवटी स्वतःचे नावही विसरतो.

माझे मत असे आहे की हा भाग केवळ लांबीसाठी वगळला असता तर फारसे बिघडले नसते. पण चित्रपटाने शेवटी इच्छापूर्तीचे बक्षीस दिले आणि कादंबरीने इच्छेची किंमत विचारली होती. ज्या दृश्याने चित्रपट संपतो, तशाच सत्तेच्या नशेपासून कादंबरीचा उत्तरार्ध मुलांना सावध करतो. अशा चित्रपटाला त्या कादंबरीचे माध्यमांतर म्हणावे का? दोन्ही अनुभवलेल्या सभासदांची मते वाचायला आवडतील.

चित्रकथी

मी व्यवसायाने चित्रपट संकलक आहे, त्यामुळे थोडी दुसरी बाजू मांडतो. दीड तासाच्या चित्रपटाला एकच चढण परवडते. या कादंबरीत दोन आहेत. पूर्वार्धात जग वाचवायचे आहे आणि उत्तरार्धात मुलगा वाचवायचा आहे. दुसऱ्या कथेचा नायकच बदलतो, कारण फँटास्टिका वाचवायला निघालेल्या आत्रेयु या मुलाच्या जागी बास्टियन येतो, आणि तो नायक हळूहळू अप्रिय होत जातो. मुलांसाठीच्या चित्रपटात प्रेक्षकाने ज्याच्यावर जीव लावला, तो मुलगा पाऊण तासानंतर आपल्या मित्रावर तलवार उगारताना दाखवणे फार अवघड असते. पूर्वार्धापाशी थांबण्याचा निर्णय मला संकलनाच्या दृष्टीने योग्य वाटतो.

शिवाय हा चित्रपट कोणत्या काळात बनला तेही लक्षात घ्यावे. संगणकनिर्मित चित्रांचा आधार नव्हता. आकाशातले घुसळणारे ढग पाण्याच्या टाकीत रंग सोडून टिपले होते आणि ड्रॅगन हा अनेक माणसांनी मिळून हलवायचा यांत्रिक पुतळा होता. त्या वेळचा तो सर्वांत खर्चिक जर्मन चित्रपट होता. आणि दलदलीतले दृश्य पाहा. कादंबरीत आर्टॅक्स हा घोडा बोलतो. आपले मन खचले आहे, तू पुढे जा, मला बुडताना पाहू नकोस, असे तो आत्रेयुला समजावतो. चित्रपटात घोडा मुका आहे. मुलगा लगाम ओढतो, ओरडतो, विनवतो आणि घोडा नुसता पाहत राहतो. येथे शब्द काढून टाकल्यामुळे दुःख वाढले आहे. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांनी मृत्यू पहिल्यांदा पाहिला तो या दृश्यात. ही कादंबरीवर केलेली मात आहे आणि ती मान्य करायला हवी.

नीलमोहर

घोड्याच्या दृश्याबद्दल पूर्ण सहमत आहे. परंतु बदल फक्त उत्तरार्ध वगळण्यापुरते असते, तर मी चित्रकथींच्या बाजूने उभी राहिले असते. पूर्वार्धातही किंमत मोजण्याचे प्रसंग एकेक करून काढलेले आहेत आणि माझा आक्षेप त्याला आहे.

पहिले उदाहरण ड्रॅगनचे घेऊ. चित्रपटात आत्रेयु दलदलीत बुडायला लागतो आणि ड्रॅगन आकाशातून येऊन त्याला उचलतो. कादंबरीत तो ड्रॅगन, मूळ नाव फुखुर, खोल दरीवर विणलेल्या जाळ्यात इग्रामुल नावाच्या भयंकर जीवाच्या तावडीत सापडलेला असतो. इग्रामुलच्या विषाने तासाभरात मरण येते, पण ज्याला दंश झाला त्याला मनात येईल त्या ठिकाणी क्षणात पोहोचताही येते. दक्षिणेकडची देववाणी, म्हणजे प्रश्नांची उत्तरे देणारी गूढ वाणी, चालत जाऊन गाठण्याइतका वेळ उरलेला नाही, म्हणून आत्रेयु स्वतःहून दंश घेतो. फुखुरही तेच ऐकून त्याच्यामागे जातो. ही मैत्री अशी एकाच विषातून सुरू झालेली आहे. चित्रपटात तिच्यासाठी काहीच किंमत मोजावी लागत नाही.

दुसरे उदाहरण देववाणीच्या तीन दरवाजांचे. चित्रपटात स्फिंक्सच्या पहिल्या दरवाजातून तोच जातो, ज्याला स्वतःची योग्यता मनापासून पटलेली आहे. म्हणजे ती आत्मविश्वासाची परीक्षा झाली. कादंबरीत एंगीवुक हा बुटका संशोधक वर्षानुवर्षे निरीक्षण करून या निष्कर्षाला येतो की कोणाला सोडायचे आणि कोणाला नाही यात काहीच नियम नाही. शूर माणसे थिजून पडली, भेकड आणि मूर्ख पार झाले. दुसरा दरवाजा आरशाचा आहे, तो दोन्हीकडे आहे. तिसरा दरवाजा चित्रपटात नाहीच, आणि तोच सगळ्यांत महत्त्वाचा होता. त्याला किल्ली नाही. आत जाण्याची इच्छा जितकी तीव्र, तितका तो घट्ट मिटतो. ज्याला आत जायचेच नाही, त्याच्यासाठीच तो उघडतो. आरशातून पार होताना आत्रेयु आपण कोण आणि कशासाठी आलो हे विसरलेला असतो, म्हणून तो आत जाऊ शकतो.

जुनी वही यांनी उत्तरार्धाबद्दल जे म्हटले, त्याची पायाभरणी एंडे यांनी येथे केली आहे. इच्छा ही साधी गोष्ट नाही हे मुलाला सहाव्या प्रकरणातच सांगितले आहे. चित्रपटाने तो दरवाजा काढला आणि त्याच्या जागी ‘स्वतःवर विश्वास ठेव’ हा कोणत्याही कथेत चालेल असा संदेश बसवला.

अबोली

नीलमोहर, सुंदर लिहिले आहे. मला ग्मोर्कचा प्रसंग जोडायचा आहे.

चित्रपटात हा लांडगा आत्रेयुला सांगतो की माणसांनी आशा सोडल्या, स्वप्ने विसरली, म्हणून शून्य पसरत आहे, आणि ज्यांना आशा नाही त्यांच्यावर सत्ता गाजवणे सोपे असते. मग तो झेप घेतो आणि आत्रेयु त्याला दगडाच्या टोकदार तुकड्याने मारतो. कादंबरीत ग्मोर्क साखळदंडाने बांधलेला आणि उपासमारीने मरायला टेकलेला आहे. त्याच्या तोंडून कळणारे सत्य याहून फार भयंकर आहे. फँटास्टिकातले जे रहिवासी शून्यात उडी घेतात ते नष्ट होत नाहीत. ते माणसांच्या जगात असत्याच्या रूपाने येतात. भ्रम, खोट्या भीती, नको त्या वस्तूंची हाव या रूपांनी ते माणसांच्या डोक्यात शिरतात आणि सत्ता हवी असलेले लोक त्यांचा वापर करून घेतात. म्हणजे कल्पना मरत नाही, ती सडते. हे ऐकून आत्रेयुचे अवसान गळते. ग्मोर्क मरतो, आत्रेयु जवळ जातो, आणि मेलेल्या लांडग्याचा जबडा त्याच्या पायावर मिटतो. शून्याची ओढ त्याला खेचत असते, पण तो या जबड्यात अडकल्यामुळे वाचतो.

शत्रूच्या शेवटच्या दंशाने नायक वाचतो, हा प्रसंग मी इतर कोणत्याही बालकादंबरीत वाचलेला नाही. त्याच्या जागी एक झेप आणि एक वार आला, हे मला फार लागते. हे चित्रित करणे अशक्य होते असे म्हणता येणार नाही. लांडगा आणि मुलगा दोघेही तिथे होतेच.

धुकेरी वाट

या धाग्यावर उत्तरार्धाची बरीच स्तुती होईल असे दिसते, म्हणून माझा विरोध स्पष्टपणे नोंदवतो. मला कादंबरीचा उत्तरार्ध विस्कळीत वाटला. अमारगांथ हे अश्रूंच्या तळ्यावरचे चांदीचे शहर, वीर हिनरेक आणि त्याची राजकन्या, सतत रडणारे अखाराय आणि त्यांचे विदूषकांत रूपांतर, साइदे ही जादूगारीण, धुक्याच्या समुद्रावर वल्हवणारे इस्काल्नारी, असे एकामागून एक मुलूख येतात आणि जातात. पूर्वार्धाला एक वेग आहे, कारण सम्राज्ञी आजारी आहे आणि वेळ संपत चालला आहे. उत्तरार्धात ओढ कशाची? बास्टियन भरकटतो आणि त्याच्याबरोबर वाचकही भरकटतो. मला पुस्तक दोनदा खाली ठेवावे लागले. चित्रपटाने हा भाग घेतला नाही, याचे मला दुःख नाही.

जुनी वही

धुकेरी वाट, मोकळेपणाने लिहिल्याबद्दल आभार. तुमचा आक्षेप मी हलका मानत नाही. मध्यभागी, विशेषतः चांदीच्या शहरानंतर, मलाही वाचनाचा वेग मंदावल्याचे जाणवले. पण त्या प्रसंगांत ओढ नाही, हे मात्र पटत नाही. त्या भागात वाचक एक हिशेब ठेवत असतो, जो बास्टियनला ठेवता येत नाही. काय विसरलो हेच त्याला आठवत नसल्यामुळे प्रत्येक वेळी त्याने काय गमावले, ते फक्त आपल्याला कळते. तो अधिकाधिक देखणा, बलवान आणि कीर्तिमान होतो, आणि आपण पाने उलटताना अधिकाधिक घाबरतो. प्रसंग सुटे वाटले तरी ही भीती सलग आहे.

तुम्ही ज्या अखारायांचा उल्लेख केला त्यांचेच पाहा. हे कुरूप, लाजाळू जीव स्वतःच्या रूपाच्या शरमेने रडत असतात आणि त्यांच्याच आसवांनी ते सुंदर तळे भरते. बास्टियन दया येऊन त्यांना सदा हसणारे विदूषक करतो. त्या क्षणी ते औदार्य वाटते. पुढे हेच जीव त्याच्यामागे लागतात, कारण त्यांच्या जगण्याला आता ना काम उरले ना नियम, आणि शेवटी त्यांच्याच गोंधळात त्याची सर्वांत मौल्यवान वस्तू भंगते. दुसऱ्यावर आपली इच्छा लादली तर ती चांगल्या हेतूनेही अंगलट येते, हे इतक्या साध्या प्रसंगातून सांगणारा लेखक भरकटलेला आहे असे मला म्हणवत नाही.

आणि जुन्या सम्राटांचे शहर? तेथे ते सगळे राहतात, जे बास्टियनसारखेच माणसांच्या जगातून आले, इच्छा करत राहिले आणि शेवटची आठवणही खर्चून बसले. आठवण नाही म्हणून आता इच्छाही होत नाही. ते अक्षरांचे फासे टाकत बसतात. अनंत काळ टाकत राहिले तर जगातल्या सगळ्या कथा त्यातून आपोआप तयार होतील, असे त्यांची राखण करणारे माकड सांगते. लेखकाने स्वतःच्या व्यवसायाबद्दल याहून भयाण चित्र क्वचितच काढले असेल.

इसारकाठ

मी नोकरीनिमित्त म्युनिकमध्ये राहतो. या विषयाशी संबंधित दोन जागा इथे आहेत. शहराच्या दक्षिणेला गाइझेलगास्टाइग येथे बावारिया स्टुडिओ आहे. पेटरसन यांचा पाणबुडीवरचा प्रसिद्ध युद्धपटही तिथेच बनला होता. तिथे पर्यटकांना चित्रपटातल्या ड्रॅगनवर बसता येते. मुले रांगेत उभी असतात, छायाचित्रे काढली जातात, आणि खरे सांगायचे तर तो आनंद पाहून चित्रपटाबद्दल कठोर बोलवत नाही. शहराच्या पश्चिमेला ब्लूटेनबुर्ग या जुन्या गढीत आंतरराष्ट्रीय बालवाचनालय आहे आणि तिथेच एंडे यांचे छोटे संग्रहालय आहे. तिथे गर्दी नसते.

जर्मन आवृत्तीबद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती माध्यमांतराच्या प्रश्नाशी जोडलेली आहे. मूळ पुस्तक दोन रंगांच्या शाईत छापलेले आहे. बास्टियनच्या जगातला मजकूर लाल आणि फँटास्टिकातला हिरवट निळा. रोस्वीथा क्वाडफ्लीग यांनी प्रत्येक प्रकरणाचे पहिले अक्षर पानभर चितारले आहे, आणि ती अक्षरे क्रमाने वर्णमालेतली आहेत. कथेत बास्टियनच्या हाती असलेले पुस्तकही असेच दोन रंगांत छापलेले आहे. म्हणजे त्याने चोरलेले पुस्तक आणि आपल्या हातातले पुस्तक एकच. काही आवृत्त्यांत रंगांऐवजी तिरका ठसा वापरतात आणि हा परिणाम निम्म्याने कमी होतो. चित्रपटात माळा आणि फँटास्टिका यांच्यात आलटूनपालटून दृश्ये येतात. ते कौशल्याने केले आहे, पण तिथे आपण दुसऱ्या मुलाला वाचताना पाहतो. पुस्तकात वाचणारे आपण असतो.

आणखी एक फरक इथल्या लोकांमुळे कळला. जर्मन प्रेक्षकांनी पाहिलेल्या चित्रपटात चित्रपटाच्याच नावाचे ते लोकप्रिय इंग्रजी गाणे नाही. तिथे क्लाउस डोल्डिंगर यांचेच संगीत आहे. गाणे आणि त्याबरोबरचे ज्योर्जो मोरोडेर यांचे संगीत आंतरराष्ट्रीय आवृत्तीसाठी घातले गेले आणि ती आवृत्ती काही मिनिटांनी लहानही आहे. आपण सगळे जो चित्रपट आठवतो, तो मुळात दुसरा पाठ आहे.

न्यायमित्र

एंडे यांची स्वतःची भूमिका येथे अजून आलेली नाही, म्हणून लिहितो. पटकथेच्या सुरुवातीच्या टप्प्यात ते सहभागी होते, पण पुढे झालेले बदल त्यांना मान्य झाले नाहीत. चित्रपटाला त्यांनी जाहीरपणे सवंग आणि व्यापारी म्हटले, श्रेयनामावलीतून आपले नाव काढायला लावले आणि प्रकरण न्यायालयात नेले. निकाल त्यांच्या बाजूने लागला नाही.

आपल्याकडेही हा प्रश्न न्यायालयात आलेला आहे. मन्नू भंडारी यांच्या ‘आपका बंटी’ या कादंबरीवरून ‘समय की धारा’ हा हिंदी चित्रपट तयार झाला, तेव्हा कथेचा विपर्यास झाल्याची तक्रार घेऊन त्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. १९८६ साली निकाल आला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार लेखकाला आपल्या कृतीच्या विद्रूपीकरणाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क आहे आणि चित्रपटाचे हक्क विकल्यानंतरही तो शिल्लक राहतो, असे न्यायालयाने म्हटले. माध्यम बदलताना काही बदल अपरिहार्य असतात हेही त्याच निकालात मान्य केले आहे. म्हणजे कायद्यालाही ‘किती बदल चालेल’ याचे मोजमाप देता आलेले नाही. मूळ कृतीचा आत्मा टिकला का, हेच पाहावे लागते. जुनी वही यांच्या प्रश्नाचेही तेच मर्म आहे असे मला वाटते.

सप्तर्षी

कथेचा शेवट कापल्याने अर्थ बदलतो, याचे आणखी मोठे उदाहरण टोल्कीन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या महाकादंबरीचे आहे. १९५५ साली आलेल्या तिसऱ्या खंडात चौघे हॉबिट, म्हणजे कथेचे बुटके नायक, युद्ध जिंकून गावी परततात, तेव्हा शायर हा त्यांचा मुलूख उद्ध्वस्त झालेला असतो. झाडे तोडलेली, घरे पाडलेली आणि गावकरीच एकमेकांवर पाळत ठेवणारे. त्यांना आपल्याच अंगणात पुन्हा लढावे लागते. पीटर जॅक्सन यांच्या २००३ च्या चित्रपटात शायर जसेच्या तसे हिरवेगार आहे. हा भाग आपल्या कथानकात पहिल्यापासून अभिप्रेत होता आणि आवश्यक होता, असे टोल्कीन यांनी प्रस्तावनेत लिहिलेले आहे. पण त्या चौघांतल्या फ्रोडोची न भरून येणारी जखम जॅक्सन यांनी ठेवली. घर वाचले तरी वाचवणारा त्या घरात राहू शकत नाही, हे चित्रपटातही पोहोचते. पेटरसन यांच्या शेवटात अशी एकही जखम नाही.

आणि ज्यांना वाटते की उत्तरार्धावर चित्रपट होऊ शकत नाही, त्यांच्यासाठी: तो १९९० साली झाला आहे. दिग्दर्शक जॉर्ज मिलर, म्हणजे ‘मॅड मॅक्स’ या वाळवंटातल्या मोटारींच्या चित्रपटांचे नव्हेत, त्याच नावाचे दुसरे. त्यातही इच्छा केली की आठवण जाते. मात्र तिथे हे जादूगारिणीने बनवून घेतलेल्या यंत्रामुळे होते. कादंबरीत तो औरिनचाच नियम आहे. खलनायिकेला हरवले की यंत्र संपते, नियमाला मात्र हरवता येत नाही. आठवण जाण्याचा प्रसंग घेऊनही त्यांनी त्यातले भय सोडून दिले.

चित्रकथी

सप्तर्षी, यंत्र आणि नियम यांतला फरक अचूक मांडला आहे. १९९० च्या चित्रपटाचा बचाव मी करणार नाही.

मात्र १९८४ च्या चित्रपटाने एक गोष्ट मिळवली आहे, ती कोणी लक्षात घेतलेली नाही. कादंबरीत बास्टियन नाव उच्चारायला कचरतो, कारण त्याला स्वतःची लाज वाटते. आपण लठ्ठ, भित्रे, अभ्यासात मागे, आपल्याला पाहून सम्राज्ञीची निराशा होईल, अशी त्याची भीती आहे. चित्रपटातला मुलगा सडपातळ आहे, त्यामुळे ही लाज उरलीच नाही, हे नुकसान मी कबूल करतो. त्याच्या जागी वडिलांचे ‘जमिनीवर पाय ठेव’ हे सकाळचे बोलणे आले आहे. परंतु तो जे नाव वादळात ओरडतो, ते त्याच्या मृत आईचे आहे असे चित्रपट सुचवतो. एका मुलाचा शोक आणि एका जगाचा विनाश अशा तऱ्हेने एका उच्चारात जोडले जातात. हे चित्रपटाचे स्वतःचे आहे आणि ते मला भिडते.

नीलमोहर

चित्रकथी, तो उच्चार मलाही भिडतो. पण त्यामुळेच पुढचा शेवट अधिक खटकतो. आईचा शोक इतका नेमका पकडल्यावर त्या घरातला दुसरा शोकाकुल माणूस, म्हणजे वडील, चित्रपटात पुन्हा दिसतच नाही. सकाळच्या न्याहारीनंतर ते गेले ते गेलेच.

कादंबरीचा सगळा उत्तरार्ध त्यांच्याकडे चालत जातो. आठवणी संपत आलेला बास्टियन योर या आंधळ्या खाणकामगाराकडे पोहोचतो. मिनरूडच्या खाणीत माणसांची विसरलेली स्वप्ने पातळ चित्रांच्या थरांनी रचलेली आहेत. तिथे अंधारात दिवसचे दिवस खणल्यावर त्याला एक चित्र सापडते: पांढरा कोट घातलेला एक माणूस, हातात दातांचा साचा, आणि तो बर्फाच्या पारदर्शक ठोकळ्यात गोठलेला. बास्टियन त्याला ओळखत नाही. वडील दातांचे साचे करतात हे आपल्याला पहिल्या प्रकरणांपासून माहीत असते. त्या अनोळखी माणसाबद्दल त्याला ओढ वाटते आणि त्या बदल्यात तो आपले नाव विसरतो. हेच ते चित्र, जे नंतर विदूषकांच्या गोंधळात भंगते.

एंडे यांचे वडील एडगार एंडे हे अतियथार्थवादी चित्रकार होते आणि नाझी राजवटीने त्यांच्यावर बंदी घातली होती. त्यांची बरीच चित्रे युद्धातल्या बाँबहल्ल्यात नष्ट झाली. चित्रांची खाण आणि तिच्यात शोधायचा बाप, हे वाचताना मला त्या चित्रकाराच्या मुलाची, म्हणजे एंडे यांची, आठवण येते. एंडे यांनी तसे म्हटले आहे असा माझा दावा नाही, हे माझे वाचन आहे.

आणि त्यानंतरचे आत्रेयुचे वागणे पाहा. ज्या मित्राने त्याच्या छातीवर वार केला, त्याच्यासाठीच तो जीवनजलापाशी साक्ष देतो. बास्टियनला स्वतःचे नाव सांगता येत नाही, म्हणून आत्रेयु सांगतो. त्याने सुरू करून अर्धवट सोडलेल्या सगळ्या कथा आपण पुऱ्या करू, अशी हमीही तोच घेतो.

धुकेरी वाट

हमीचा हा भाग मी विसरलो होतो. ‘ती दुसरी गोष्ट आहे आणि ती पुन्हा केव्हातरी सांगितली जाईल’ हे पालुपद कादंबरीभर येत राहते आणि मला त्याचा कंटाळा आला होता. त्या सगळ्या सोडून दिलेल्या गोष्टींची जबाबदारी शेवटी कोणीतरी खरोखर अंगावर घेतो, हे नीलमोहर यांच्यामुळे लक्षात आले. मधला भाग लांबला आहे या मतावर मी अजून ठाम आहे. शेवटची चार प्रकरणे मात्र पुन्हा वाचेन.

अबोली

एक व्यावहारिक प्रश्न विचारते. माझी भाची दहा वर्षांची आहे आणि इंग्रजी पुस्तके बऱ्यापैकी वाचते. तिला आधी काय द्यावे?

जुनी वही

अबोली, आधी पुस्तक द्यावे असे मी सुचवेन, आणि शक्य झाल्यास दोन रंगांची आवृत्ती शोधावी. बाराव्या प्रकरणात सम्राज्ञी भटक्या डोंगरावरच्या म्हाताऱ्याकडे जाते. तो सगळे लिहून ठेवत असतो. ती त्याला कथा पहिल्यापासून सांगायला लावते आणि कथा पुन्हा बास्टियनने पुस्तक चोरले तिथून सुरू होते, पुन्हा त्याच जागी येते, पुन्हा सुरू होते. बास्टियनने नाव दिल्याखेरीज हे चक्र थांबणार नाही. हे वाचताना तिच्या हातात पुस्तकच असायला हवे. चित्रपटाने हा प्रसंग घेतलेला नाही, तेव्हा त्याचा पहिला धक्का तिला पुस्तकातूनच मिळू शकेल. ते प्रकरण संपले की मध्येच थांबून चित्रपट दाखवता येईल, आणि मग उरलेली चौदा प्रकरणे सावकाश वाचता येतील.

इसारकाठ

या सूचनेला अनुमोदन. फक्त ग्मोर्कचे प्रकरण तिच्या शेजारी बसून वाचावे. अबोली यांनी वर जे लिहिले आहे, त्यावर दहा वर्षांची मुलगी प्रश्न विचारेल, आणि त्यांची उत्तरे द्यायला कोणीतरी मोठे माणूस जवळ असलेले बरे.

चित्रकथी

मी अजूनही आधी चित्रपट दाखवेन. तो पाहून झाल्यावर पुस्तक हातात घेतलेल्या मुलाला निम्म्यावर कळते की आपल्याला वाटली होती त्याच्या दुप्पट गोष्ट शिल्लक आहे. आधी पुस्तक वाचलेल्याला हा आनंद मिळत नाही. अबोली, भाचीला काय दिले आणि ती कुठे थांबली, ते येथे जरूर कळवा.